बिनदुधाचं घर

आमच्या घरात दूध येत नव्हतं. शहराच्या छावणी भागातल्या आमच्या गल्लीत सकाळी गवळी सायकलवर यायचा, दारोदार थांबायचा आणि आमचं दार आलं की न थांबता पुढं निघून जायचा. मला त्यात काही वावगं वाटत नसे. समोरच्या घरात कांदा-लसूण येत नाही, तसं आमच्या घरात दूध येत नाही, एवढंच मला ठाऊक होतं.

दूध नाही म्हणजे दही नाही, ताक नाही, लोणी-तूप नाही. आई वरणभातावर करडईचं कच्चं तेल घालायची. कढीच्या जागी शेंगदाणे पाट्यावर गंधासारखे वाटून, त्यात चिंचेचं पाणी आणि जिरं घालून एक पातळ कालवण करायची. पुरणपोळीवर तूप नाही, गुळवणी. दिवाळीतले लाडू तिळाच्या तेलात. खिरीसाठी ती खोबरं किसून, गरम पाण्यात कुस्करून, फडक्यातून पिळून त्याचं दूध काढायची, पण त्याला दूध म्हणायची नाही. 'खोबऱ्याचं पाणी' म्हणायची. दूध हा शब्दच तिच्या तोंडून फार क्वचित निघायचा.

पाहुणे येणार असले की तिची खरी कसोटी असे. चहाच्या वेळी कुणी दूध मागू नये म्हणून ती चहाच्या आधीच इतकं तळून ठेवायची की माणसाचं पोट चहापर्यंत पोचूच नये. कोथिंबिरीच्या वड्या, ज्वारीच्या पिठाचे वडे, भरून तळलेल्या मिरच्या, अळूच्या पानांची गुंडाळी. काय ठेवायचं ते ती फार विचार करून ठरवी. तिखट ठेवलं तर पाहुणा पाणी मागतो, गोड ठेवलं तर चहा मागतो, म्हणून आंबट-तिखट ठेवायचं, असं तिचं काहीतरी गणित होतं. तरीही चहा द्यावा लागलाच, तर आलं आणि गवती चहा घालून कोरा द्यायची, आणि पाहुणा पहिला घोट घेत असताना दुसरीकडं बघायची.

एकच गोष्ट तिनं आमच्या घरात कधी केली नाही, ती म्हणजे धपाटे. मराठवाड्यातलं घर आणि धपाटे नाहीत. मी हट्ट केला की म्हणायची, "मला जमत नाय." तिला स्वयंपाकातलं काय जमत नव्हतं?

मला तिनं सांगून ठेवलं होतं की मला दूध सोसत नाही. "एक थेंब जरी गेला तरी घसा सुजतो. श्वास बंद पडतो." हे ती घड्याळात किती वाजले ते सांगावं अशा आवाजात सांगायची. दर जूनमध्ये शाळेत जाऊन नव्या बाईंना तेच सांगून यायची. देवळात कुणी हातावर पेढा ठेवला तर मी तो रुमालात बांधून घरी आणायचे, आणि मग आई माझे हात कोपरापर्यंत साबणानं धुवायची. एकदा नाही, तीनदा. तिची बोटं फार जोरात चालायची तेव्हा.

भिंतीवर एका मुलाचा फोटो होता. माझा मोठा भाऊ. मी जन्मायच्या आधी तापानं गेला, एवढंच मला माहीत होतं.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक मुस्लिम कुटुंब राहायचं. घरातल्या बाईंना मी खाला म्हणायचे. त्यांचे मियाँ छावणीच्या बाजारात फौजी वर्द्या शिवायचे. आईला डाळीचे कबाब खालांनी शिकवले. एरवी त्या खिम्याचे करायच्या, पण आमच्यासाठी नुसत्या हरभऱ्याच्या डाळीचे. डाळ लाल मिरची, लसूण, दालचिनी घालून शिजवायची, पाणी पुरतं आटू द्यायचं, मग पाण्याचा हातही न लावता वाटायचं. त्यात पुदिना, बारीक कांदा, लिंबू. तळहातावर चपटी टिकिया करून तव्यावर थोड्या तेलात दोन्हीकडून लाल करायची. वरून कुरकुरीत आणि आतून मऊ. आई ते खालांपेक्षा चांगले करायला लागली, असं खाला स्वतःच सांगायच्या.

खालांच्या स्वयंपाकघराबाहेर, खिळ्याला एक लोखंडी तवा वेगळा टांगलेला असे. "ये तुम्हारे घर का है," असं त्या मला म्हणायच्या. मला वाटायचं आम्ही शाकाहारी म्हणून तो वेगळा. ईदला त्या पहाटे सगळ्यात आधी, घरात दुधाचं पातेलं उघडायच्याही आधी, माझ्यासाठी वाटीभर शीरखुर्मा खोबऱ्याच्या रसात शिजवून झाकून ठेवायच्या. तो आईच्या हातात द्यायच्या आणि आई तो घेताना डोळे पुसायची. मला वाटायचं कांदा कापला असेल.

मी दहा वर्षांची असताना क्रांती चौकामागं राहणाऱ्या एका मैत्रिणीचा वाढदिवस होता. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही चार-पाच जणी तिच्याकडं गेलो. तिच्या आईनं सगळ्यांच्या हातात थंड दुधाचे ग्लास दिले. वेलची घातलेलं, वर पिस्त्याचे काप. मी नाही म्हणायला हवं होतं. तोंडपाठ होतं मला ते वाक्य. पण ग्लास हातात होता, बाहेरून ओला झालेला, आणि त्याचा वास मी इतक्या जवळून कधी घेतला नव्हता. मी प्यायले. अर्धा ग्लास पिऊन झाल्यावर मला कळलं, मी काय केलं ते.

मी कुणाला काही न सांगता बाहेर आले आणि घराकडं चालायला लागले. मी मरणार याबद्दल मला शंका नव्हती. फक्त रस्त्यावर मरायचं नव्हतं. चालता चालता मी सारखी थुंकी गिळून बघत होते, घसा उघडा आहे का ते. पुलावर आले तेव्हा छाती धडधडायला लागली. वाटलं, झालं, सुरू झालं. मी कठड्याला धरून उभी राहिले. खाली खाम नदीचं काळं पाणी. एक म्हातारा सायकलवरून उतरला आणि विचारलं, "काय झालं पोरी?" मी मानेनंच नाही म्हटलं. तोंड उघडलं तर श्वास जाईल असं वाटत होतं.

घरी जायची हिंमत नव्हती. मी खालांच्या दारात गेले. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या.

"खाला, मी दूध प्यायले."

सूप त्यांच्या हातातून निसटलं. त्यांनी माझं तोंड उघडून जीभ बघितली, मान चाचपली, बाही वर करून हात बघितले.

"कब पी?"

मी सांगितलं. शाळा सुटल्यावर. आता दोन वाजून गेले होते. त्यांनी मला छातीशी धरलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तेरेकू कुछ नई होता बेटा. वो तेरे भाई कू होता था."

मग त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. तांदूळ सगळे जमिनीवर पसरले होते. त्या तांदूळ गोळा करायला वाकल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तेरी माँ कू नक्को बोल."

मी नाही बोलले. त्या दिवशी नाही आणि पुढं अकरा वर्षंही नाही. मला एवढं कळलं होतं की भाऊ तापानं गेला नव्हता, आणि मला दूध सोसतं. मी बाहेर दूध प्यायला लागले. शाळेत मैत्रिणीच्या डब्यातलं दही, कॉलेजात कँटीनचा चहा, बसस्टँडवरची लस्सी. घरी येण्याआधी नळावर चूळ भरायची, हात धुवायचे. घरात आईनं ज्वारीचे वडे पुढं ठेवले की तेही खायचे. ती विचारायची, "बाहेर काय खाल्लं-बिल्लं नाय ना?" मी म्हणायचे, "नाही." ती माझ्याशी खोटं बोलत होती आणि मी तिच्याशी, आणि दोघींचंही नीट चाललं होतं. वडिलांना काय माहीत होतं ते मला कधीच कळलं नाही. ते वाळूजला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी यायचे, आणि आई-लेकींच्या मधे पडायचे नाहीत.

बी.कॉम. झाल्यावर मला पहिलं स्थळ आलं. जालन्याकडची माणसं. मुलगा, त्याचे आई-वडील आणि एक काका असे चौघं आले. आई पहाटेपासून उठली होती. डाळीचे कबाब केले, कोथिंबीर वडी केली, काकडीच्या चकत्यांवर शेंगदाण्याची घट्ट चटणी आणि डाळिंबाचे दाणे लावून काहीतरी नवीनच केलं होतं तिनं. ताटात ते फार देखणं दिसत होतं. गोड म्हणून खोबऱ्याच्या रसातली शेवयांची खीर. सगळ्यांनी पोटभर खाल्लं. मुलाची आई म्हणाली, "हाताला चव हाय हो तुमच्या." आईचा चेहरा थोडा सैल झाला.

मग चहा आला. कोरा.

मुलाच्या आईनं कपात बघितलं. वाईट हेतू नव्हता बाईंचा. हसूनच म्हणाल्या, "दूध नासलं वाटतं. मग कोपऱ्यावर पिशवी मिळंल की."

"आमच्याकडं दूध नसतं," वडील म्हणाले.

"नसतं म्हंजे? काही नवस-बिवस?"

"मुलीला सोसत नाही," आई म्हणाली. "लहानपणापासून. बाकी काही नाही तिला. तब्येत चांगली आहे."

चौघांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला कळलं. आजारी पोर गळ्यात मारतायत. आणि मी म्हणाले, "सोसतं मला."

आईनं मान वळवली.

"मी दहा वर्षांची असल्यापासून पिते. काही होत नाही मला. कधीच झालं नाही."

आईच्या हातात रिकामा ट्रे होता. तो तिनं उगाच छातीशी धरला. मुलाच्या काकांनी हवापाण्याचं काहीतरी काढलं आणि पाहुणे पाच मिनिटांत उठले. दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. तो मध्यस्थ वडिलांच्या ओळखीचा होता, त्यानं खरं कारणही सांगितलं. त्या घरात लपवाछपवी आहे, असं मुलाकडचे म्हणाले होते.

पण ते नंतरचं. पाहुणे गेले त्या दुपारी वडील चपला घालून बाहेर निघून गेले. आई मोरीत कप धुवायला बसली. मी तिच्यामागं उभी राहिले. मला वाटत होतं ती मला बोलेल, चारचौघांत अब्रू घालवलीस म्हणेल. ती कपच धूत राहिली, म्हणून मीच बोलले.

"का खोटं सांगितलंस मला? इतकी वर्षं?"

"खोटं नव्हतं. मला ठाऊकच नव्हतं."

"मग बघायचं होतं ना ठाऊक करून."

तिनं कप खाली ठेवला. "कसं? द्यावं लागलं असतं ना तुला. कोण देणार होतं? मी?"

मग तिनं सांगितलं. तोंड मोरीकडंच ठेवून, हातानं तोच एक कप विसळत. ती चिडली किंवा घाबरली की तिची माहेरची बोली वर यायची, तशी ती आली.

भाऊ आठ महिन्यांचा असताना पहिल्यांदा गाईचं दूध दिलं, तेव्हाच कळलं होतं. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. डॉक्टर म्हणाले, दूध बंद. तेव्हापासून तिनं हे सगळं शिकून घेतलं होतं. शेंगदाण्याचं कालवण, खोबऱ्याचा रस, खालांचा वेगळा तवा, सगळं त्याच्यासाठी. तो सहा वर्षांचा होईपर्यंत तिनं त्याला सांभाळलं. लासूर स्टेशनला तिचं माहेर. तिथं तिच्या भावाची धान्याची आडत होती आणि घरी म्हशी होत्या. तिथं जायचं म्हणजे ती पीठ, तेल, तवा, परात सगळं बरोबर न्यायची. माहेरचे लोक हसायचे, पण करू द्यायचे.

"त्या दिवशी आम्ही निघणार व्हतो. वाटंला धपाटे करायचे ठरले. वहिनीनं समद्यांसाठी दह्यात पीठ मळलं. मी त्याच्यापुरतं माझ्या परातीत पाण्यात मळलं. दोन्हींवर वली फडकी टाकली. मी त्याची आंघोळ घालाया गेले. तेवढ्यात कुणीतरी लाकडं काढायला चुलीजवळची माझी परात हलवली, तिथं दुसरी ठेवली. मी आले, चुलीजवळची घेतली."

"कुणी हलवली?"

"काय करायचंय आता. बघायचं मी व्हतं. परात माझी हाय का नाय, एवढंच बघायचं व्हतं. फडकं वर करून पीठ घेतलं आन् थापाया लागले."

तिनं नळ बंद केला.

"गरम गरम तोडून त्याच्या तोंडात घातलं. म्हणला, आई, आज लई छान झालंय. दह्यानं मऊ झालं व्हतं ना. कधी खाल्लं नव्हतं त्यानं तसं. अजून मागितलं. मी दिलं."

तिनं नंतरचं थोडक्यात सांगितलं. स्टेशनात पॅसेंजर उभीच होती. मामांनी त्याला उचलून डब्यात घातलं. गाडी सुटली तेव्हा तो आईला हाक मारत होता. पोटूळ स्टेशन गेलं तोवर हाक येत होती. त्यानंतर आली नाही. शहरात उतरून दवाखान्यात नेलं ते नेण्यापुरतंच.

"वहिनीनं माझे पाय धरले. तिचा काय दोष? पीठ मी घेतलं."

त्यानंतर ती लासूरला कधी गेली नाही. माहेरचं कुणी आलं तर आत जाऊन बसायची, म्हणून हळूहळू त्यांनीही यायचं सोडलं.

मी तेव्हा तिच्याजवळ बसायला हवं होतं. मी एकवीस वर्षांची होते आणि माझ्या मनात अजून ते चार पाहुणे आणि त्यांची नजर होती. मी म्हणाले, "मग त्याची शिक्षा मला कशाला?"

"शिक्षा नव्हती गं," ती म्हणाली. "तू जित्ती व्हतीस. मला तेवढंच पुरत व्हतं."

त्यानंतरही आमच्या घरात दूध आलं नाही. फक्त आता मी बाहेर पिऊन आले की चूळ भरायची नाही, आणि ती विचारायची नाही. मी मोठी झाले तरी ती माझे हात धुवायची, ते मात्र तिनं सोडलं. ते तिनं का सोडलं याचा विचार मी फार उशिरा केला. तिला माझ्या हातांना हात लावायचा नव्हता.

तीन वर्षांनी माझं लग्न झालं, शहरातच, गारखेड्याला. सासरी दूध-दुभतं सगळं होतं. मी पहिल्या महिन्यात तुपाची पोळी खाऊन खाऊन अंगानं भरले. बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा आईनं तिच्या पद्धतीनं सगळं केलं. हळिवाचे लाडू खोबऱ्यात आणि गुळात, डिंक तिळाच्या तेलात तळून, खसखस वाटून. माझ्या अंगावर दूध भरपूर होतं. मुलगा पीत असताना ती खोलीत थांबायची नाही. तेवढ्यापुरती खालांकडं जाऊन बसायची.

मुलगा सहा महिन्यांचा झाला तेव्हा वरचं दूध द्यायची वेळ आली. आई गारखेड्याला आली. माझ्या घरी ती क्वचित यायची आणि आली तर पाणीसुद्धा प्यायची नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "देशील तर दवाखान्यात बसून दे. माझं एवढं ऐक."

मी तिच्यावर रागावले होते, तरी ऐकलं. बालरोगतज्ज्ञांना सगळं सांगितलं. ते भले माणूस, म्हणाले, या, इथंच बसा. मी मुलाला मांडीवर घेतलं आणि अर्धा चमचा दूध त्याच्या ओठांना लावलं. लावण्याआधी चमचा मी दोनदा मागं घेतला. तोवर मी समजत होते की भीती फक्त आईची आहे.

आई आत आलीच नाही. समोरच्या रस्त्यावर, लिंबाखाली उन्हात-सावलीत उभी होती. डॉक्टरांनी तासभर बसवून ठेवलं. मुलानं ओठ चाटले, हसला, झोपला. मी त्याला घेऊन बाहेर आले.

"काही झालं नाही आई. बघ."

तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. "किती वेळ झाला?"

"तास होऊन गेला."

"अजून थांबू."

आम्ही त्या फुटपाथवर आणखी एक तास थांबलो. माणसं जात होती, रिक्षावाले विचारत होते. मुलगा माझ्या खांद्यावर झोपला होता. ती दर थोड्या वेळानं पुढं यायची आणि त्याच्या नाकापुढं बोट धरायची. शेवटी तिनं रिक्षा केली आणि एकटीच छावणीला निघून गेली. मला वाटलं होतं, आता तिच्या मनावरचं ओझं उतरेल. तसं झालं नाही. उलट ती मुलापासून लांब राहू लागली. तो छावणीला गेला की त्याच्यासाठी कबाब करायची, वड्या करायची, ताट माझ्या हातात द्यायची. त्याला स्वतःच्या हातानं घास तिनं एकदाही भरवला नाही. तो म्हणायचा, "आजी, तू भरव." ती म्हणायची, "तुझी आई भरवंल."

तो तेरा वर्षांचा असताना आई गेली. सकाळी कणीक मळताना कोसळली, दवाखान्यात दोन दिवस राहिली, शुद्धीवर आली नाही.

तिसऱ्या दिवशी सावडायला बायका जात नाहीत, पण भाऊ नव्हता म्हणून वडिलांबरोबर मी गेले. लासूरहून मामा आले होते. मी त्यांना लहानपणी एकदोनदा बघितलं असेल. थकले होते, हातात काठी होती, आणि दुसऱ्या हातात तांब्या. राखेवर शिंपडायला घरच्या म्हशीचं दूध आणलं होतं.

वडील म्हणाले, "दूध नको, दादा."

"रीत हाय पाव्हणं."

"असू द्या. तिला नको."

माझ्या आठवणीत वडिलांनी तिच्या बाजूनं इतक्या ठामपणे बोललेलं ते पहिलंच वाक्य. मामांनी तांब्या बाजूला ठेवला. आम्ही नुसतं पाणी शिंपडलं आणि अस्थी गोळा केल्या.

परत निघताना मामा माझ्याजवळ आले. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

"आमच्याबद्दल काय बोलायची का गं ती कधी?"

"एकदाच बोलली," मी म्हणाले. "मामींचा काही दोष नव्हता, म्हणाली. पीठ मीच घेतलं, म्हणाली."

मामा खाली बसले. तिथंच, मातीत. मला आधी वाटलं चक्कर आली. ते रडत होते.

"दोन वर्सं झाली तुझ्या मामीला जाऊन," ते म्हणाले. "मरस्तवर तेच. वन्सं मला काय म्हणत असतील. जन्मभर धपाटं थापलं नाय तिनं. मला म्हणायची, एकदा जाऊन इचारा. मी म्हणायचो, कुठल्या तोंडानं इचारू."

वडिलांनी त्यांना हाताला धरून उठवलं. छावणीपासून लासूर स्टेशन गाडीनं तासाभराच्या आत आहे. मोरीपाशी उभी राहून मी ते वाक्य ऐकलं होतं त्याला सतरा वर्षं झाली होती. त्यातली पंधरा वर्षं ते ऐकायला मामी जिवंत होत्या. मी ते माझ्याजवळच ठेवलं होतं, कारण मला ते फक्त माझ्या आरोपाला दिलेलं उत्तर वाटत होतं. ते दुसऱ्या कुणाच्या कामाचं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मामांना आम्ही स्टेशनवर सोडलं. गाडी यायला वेळ होता. ते बाकावर बसले आणि जरा वेळानं त्यांनी मला पुन्हा विचारलं, "नक्की तसंच म्हणली?"

"तसंच म्हणाली."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.